संपर्काचा रकाना

शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९७३. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मालनबाई गाडेकर यांनी स्टोव्हवरचं पहिलं पातेलं उतरवून दुसरं चढवलं. पहिल्यात सुया होत्या. दुसऱ्यात काचेच्या सहा सिरिंजा होत्या, उकळताना एकमेकींवर आपटून तडकू नयेत म्हणून फडक्यात गुंडाळलेल्या. वीस मिनिटं उकळायच्या असा नियम आहे. पाणी परवाचं होतं, कारण टँकर आठवड्यातून दोनदा येतो आणि आज त्याचा वार नव्हता. उकळून झालेलं पाणी मालनबाईंनी टाकलं नाही. ते फरशी पुसायला ठेवलं.

नेवासे तालुक्यात, घोडेगावपासून चार मैलांवर असलेल्या या प्राथमिक आरोग्य केंद्रात मालनबाई पंधरा वर्षं नर्स आहेत. वय एकोणचाळीस. नवरा लग्नानंतर तीन वर्षांनी विषमज्वराने गेला, सासरच्यांनी पाथर्डीकडच्या माहेरी आणून सोडलं, आणि भावजयीच्या घरात बसून खाण्यापेक्षा त्यांनी नगरला नर्सचं प्रशिक्षण घेतलं. आवाज चढवत नाहीत. राग आला की हातातली वस्तू नीट घडी करून ठेवतात आणि मग बोलतात. गावातल्या बाया म्हणतात, नर्सबाईंनी टॉवेलची घडी घातली की समजावं.

शुक्रवारी घोडेगावला जनावरांचा बाजार असतो. यंदा चारा नसल्याने जनावरं विकायला आणणारे दुप्पट आणि ती स्वस्तात उचलणारे तिप्पट. चार जिल्ह्यांतले व्यापारी, सौदे जुळवणारे हेडी, ट्रकवाले रात्रीपासून मुक्काम टाकतात. सौदे दुपारपर्यंत उरकतात आणि त्यानंतर त्यांतले काही जण या केंद्राच्या मागच्या खिडकीशी येतात. पुढच्या दाराने ताप, खोकला, जुलाब, पोरं आणि म्हाताऱ्या. मागच्या खिडकीने फक्त पुरुष. तिथे बन्सी कंपाउंडर बसतो. पुरुष म्हणतो, "उष्णता झालीय." बन्सी नाव विचारतो, पुरुष भलतंच नाव सांगतो, मामाच्या किंवा मेव्हण्याच्या गावाचा पत्ता देतो. बन्सी आत घेऊन एक सुई टोचतो. पाच मिनिटांचं काम. माणूस चहा प्यायला जातो.

या माणसांसाठी वेगळं रजिस्टर आहे. आजाराच्या रकान्यात बन्सी गुप्तरोगासाठी इंग्रजीत दोन अक्षरं लिहितो, व्ही.डी. शेवटचा रकाना 'संपर्क' असा आहे. हा आजार या माणसाने कोणाकडून आणला आणि कोणाला दिला असण्याचा संभव आहे, त्यांची नावं तिथे लिहायची आणि त्यांना बोलावून औषध द्यायचं, यासाठी तो छापलेला आहे. रजिस्टर जानेवारी १९७० पासूनचं. तीन वर्षांत एकशे अठरा पुरुष. संपर्काच्या रकान्यात एकशे अठरा आडव्या रेघा. बन्सीचं अक्षर सुरेख आहे. रेघाही सगळ्या एका लांबीच्या.

मालनबाईंनी त्या रेघा मंगळवारी मोजल्या. मंगळवारच्या टपालाने चांगुणाच्या रक्ताचा अहवाल आला होता.

चांगुणा एकवीस वर्षांची आहे. सासर इथल्या वस्तीवर, माहेर राहुरी तालुक्यात, मुळेच्या कालव्याकाठी. जानेवारीत ती नाव नोंदवायला आली तेव्हा चौथा महिना होता. मालनबाईंनी तिचं रक्त घेऊन एस.टी.ने नगरला पाठवलं. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नाही. १९७१ साली पुण्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं, तिथे एका डॉक्टरीणबाईंनी गरोदर बाईचं रक्त का तपासावं हे तासाभरात सांगितलं. परत आल्यापासून मालनबाई प्रत्येक गरोदर बाईचं रक्त पाठवतात. दीड वर्षात दोनशे दहा बाया. तेरा जणींच्या रक्तात गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा, दोष निघाला. तेरा जणींच्या नवऱ्यांपैकी दोघे केंद्रात आले.

चांगुणा चौदावी.

तिच्या कार्डावर 'पूर्वीची बाळंतपणं' या ओळीपुढे काही लिहिलेलं नव्हतं. नाव नोंदवताना मालनबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दोन. दोनी मेलेली." पहिलं नोव्हेंबर १९७०, आठव्या महिन्यात. दुसरं जानेवारी १९७२, दिवस भरलेले, कातडी सोलवटलेली. कार्ड कोरं राहिलं कारण दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली. या भागात सातव्या महिन्यात मुलीला माहेरी नेतात. तिथली सुईण, तिथलं उपकेंद्र, तिथली वही. सासरच्या केंद्राला फक्त पोट दिसतं आणि नंतर रिकामी बाई परत आलेली दिसते. तिची मेलेली मुलं दुसऱ्या तालुक्याच्या वहीत राहतात.

नवऱ्याची नोंद मात्र याच केंद्रात होती, हे मालनबाईंना बन्सीकडून कळलं.

"चांगुणाचा मालक म्हनजे गोरक्ष हेडी ना?" बन्सी म्हणाला. "त्याला मी तीनदा टोचलाय. ह्यात सूर्यभान म्हनून लिहिलाय बघा, शेवगावचा. मला तोंडं ध्यानात ऱ्हातात."

"आणि त्याची बायको?"

"बायको कुठं आली हुती माझ्या खिडकीत?"

मार्च १९७०, ऑगस्ट १९७१, डिसेंबर १९७२. या गोरक्षाच्या तारखा. मालनबाईंनी त्या एका कागदावर लिहिल्या आणि शेजारी चांगुणाच्या दोन तारखा लिहिल्या. एवढं काम करायला शिक्षण लागत नाही. दोन वह्या एका टेबलावर यायला लागतात, आणि बाई बाळंतपणाला आपल्या गावी जाते व पुरुष औषधाला दुसऱ्याच्या नावाने येतो, त्यामुळे त्या कधी येत नाहीत. शिवाय बन्सी देतो ती सुई साध्या पेनिसिलिनची. तिने लघवीची जळजळ दोन दिवसांत थांबते. रक्तात मुरलेली गरमी तशीच राहते. तिला लांब टिकणारं पेनिसिलिन आठवड्याच्या अंतराने तीनदा द्यावं लागतं. गोरक्षाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो तीनदा बरा होऊन गेला होता.

मंगळवारी दुपारी मालनबाई अहवाल घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉ. शामकांत मुळे एकतीस वर्षांचे आहेत, नगरचे, दोन वर्षांपासून इथे. टेबलावर नसबंदी शिबिराची यादी होती.

"साहेब, नवऱ्याला बोलवायला पाहिजे."

"बोलवून काय सांगणार? गाव लहान आहे. घरी जाऊन तो हिलाच मारेल. तुम्ही तिला टोचा, मी लिहून देतो. विचारलं तर ताकदीचं इंजेक्शन म्हणा."

"आणि तो?"

"त्याचं तो बघेल. चार बाजार हिंडतो, शहाणा माणूस आहे." त्यांनी यादी पुढे ओढली. "मार्चअखेर पंचेचाळीस केसेस कमी पडतायत आपल्या केंद्राच्या. तुमच्याकडून किती झाली नावं?"

"सात."

"बघा मग."

मालनबाईंनी अहवालाची घडी घातली, कार्डात ठेवली आणि बाहेर आल्या.

घाई होती. वस्तीवरची विहीर आटली म्हणून चांगुणाची सासू कडूबाई हिने या वेळी सातव्या महिन्यापर्यंत न थांबता सुनेला माहेरी पाठवायचं ठरवलं होतं. कालव्याकाठी पाणी तरी आहे. निघायचा दिवस शनिवार, दहा तारीख. म्हणजे पहिली मात्रा शुक्रवारी दिली तरच या केंद्रातून जाईल. दुसरी गोष्ट कडूबाईने पाणवठ्यावर उघड बोलून दाखवली होती: हेही गेलं तर गोरक्षाचं दुसरं लग्न. मुलगी शेवगावकडची, सोळा वर्षांची, बघून ठेवलेली. मालनबाईंनी हिशेब केला तो असा की हे मूल गेलं तर ही मुलगी पंधरावं नाव ठरेल, आणि तिचं रक्त तपासायची गरज उरणार नाही, ते कसं निघेल ते आत्ताच सांगता येतं.

शुक्रवारी नऊ वाजता डॉक्टर जीपने तालुक्याच्या बैठकीला गेले. मालनबाईंनी बन्सीला सांगितलं, गोरक्ष आला की माझ्याकडे पाठव.

"आज यायचाच तो," बन्सी म्हणाला. "डिसेंबरची सुई उतरली असंल."

बारा चाळीसला खिडकीपाशी पिवळा फेटा दिसला. बन्सीने खिडकी लावून घेतली आणि त्याला मागच्या दाराने ड्रेसिंगच्या खोलीत आणलं. खोलीत एक बाक, एक टेबल, लोखंडी दांड्यावर हिरवा पडदा. पडद्याच्या पलीकडे बायांच्या तपासणीची खोली.

"सूर्यभान का?" मालनबाईंनी विचारलं.

"व्हय."

"शेवगाव?"

"व्हय."

"बस. तुझ्या आईचं नाव कडूबाई, बायकोचं चांगुणा. पोळ्याला बैलानं तुझ्या पायावर पाय दिला तवा पट्टी मीच बांधली हुती. बस, गोरक्ष."

तो बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"डॉक्टर न्हाईत का?"

"न्हाईत. थांबायचं आसंल तर पुढं ओट्यावर थांब. बायांची रांग हाय, तुलाबी जागा देतील."

तो बाकावरच बसून राहिला.

"मागल्या म्हैन्यात सोनईच्या गड्याचा गाईचा सौदा तू मोडलास म्हनं," मालनबाई म्हणाल्या.

गोरक्षाला हा विषय सोपा वाटला. "मोडनारच. गाभ टाकत हुती ती, दोन डाव. घेनारा गरीब मानूस. माझ्या तोंडावर थुंकला आसता."

"मग गाईचं काय झालं?"

"काय व्हायचंय. मालकाला इचारलं, वळू कोनता लावला. तर त्या वळूच्या तीन गाई तशाच. डॉक्टर आनून रक्त तपासलं त्यानं, आन् वळू काढून टाकला."

मालनबाईंनी टेबलावरचा टॉवेल उचलून त्याची घडी घातली. चौपदरी. गोरक्षाच्या चेहऱ्यावरून कळलं की बोलण्याचा रोख त्याला पोचला.

"मानूस आन् जनावर सारखं आसतंय व्हय, बाई," तो म्हणाला.

"न्हाई. गाईची चौकशी तरी झाली."

त्यानंतर त्यांनी त्याला सगळं सांगितलं, वळणं न घेता. रक्तात काय आहे, ते बायकोच्या रक्तात कसं गेलं, पोटातल्या मुलापर्यंत कसं पोचतं. तो ऐकताना खिडकीच्या गजांकडे बघत होता.

"मी तर बरा झालतो. बन्सीभाऊची सुई घेतली की दोन दिसांत जळजळ जाती. आन् तिला तर काय बी तरास न्हाई."

"तिला तरास दोनदा झालाय. माहेरी झाला, म्हनून तुला दिसला न्हाई. पुरायला तरी गेल्तास का?"

"सांगावा आला तवा समदं उरकलं हुतं."

"दोनी डाव?"

"दोनी डाव."

"हे आनलंस कुठनं?"

"आता काय सांगू. बाजारात राती मुक्काम आसतो. चार मान्सं उठली की आपुन बी उठतो."

"नाव न्हाई इचारत. ठिकान सांग. त्या बाईला बी सुई लागती."

गोरक्ष हसला. खरोखर हसला. "तिला कोन इचारतंय, बाई."

"तुमी चौघं जन इचारता की. दर शुक्रवारी."

त्याने ठिकाण सांगितलं. मालनबाईंनी लिहून घेतलं. त्याच्या हातावर पेनिसिलिनची चाचणी टोचली, वीस मिनिटं इथेच बसायचं, खाज किंवा गांधी उठली तर हाक मारायची, असं सांगितलं. सुई घ्यायला तो तयार होता. अट एकच घातली: घरी कळता कामा नये.

"आईला कळलं तर ती विहिरीत उडी घेईल."

"विहिरीत पानी न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "आन् ती तर दुसरी सून बघतीय."

"ते आईचं हाय. मी हो म्हनलो न्हाई."

"न्हाई म्हनलास का?"

एक वाजून पाच मिनिटांनी पुढच्या ओट्यावर कडूबाईचा आवाज आला आणि मालनबाईंनी पडदा ओढून घेतला.

कडूबाई पंचावन्नच्या, काटक, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणाऱ्या. मागे चांगुणा. चार मैल उन्हात चालून आलेल्या दोघी. मालनबाईंनी चांगुणाला बसायला स्टूल दिलं, कडूबाई उभ्याच राहिल्या.

"निरोप आला म्हनून आले, बाई. पन सुई न्हाई टोचायची. पाचव्यात सुई टोचली की पोट पडतं."

"कुनी सांगितलं?"

"समद्यास्नी ठावं हाय."

"मागल्या दोन डावांत टोचली हुती का?"

"न्हाई."

"मग पडलं कशानं?"

"तिच्या नशिबानं." कडूबाई सुनेकडे न बघता म्हणाल्या. "दोन खाल्ली हिनं. तिसरं हाय. आमी काय कमी केलं, तूप घातलं, देवाला नारळ वाढवला. बाईच तशी आसल तर सुई काय करती?"

चांगुणा फरशीकडे बघत होती. तिला हे नवीन नव्हतं. दोन वर्षांत हे वाक्य घरातल्या भांड्यांसारखं वापरात होतं.

"ही रक्ताची सुई हाय, कडूबाई. डॉक्टरांनी लिहून दिलीय. हिच्यानं पोर जगायचा संभव हाय. न दिली तर न्हाई."

"माझ्या गोरक्षाला इचारल्याबिगर मी हात लावू देनार न्हाई. उद्या काय झालं तर मला बोलंल. आन् तो आता बाजारात हाय, दिवे लागल्याबिगर घावत न्हाई."

गोरक्ष आईपासून आठ फुटांवर होता. मध्ये हिरवं कापड. मालनबाई पडद्याशेजारी उभ्या होत्या, हात लांबवला असता तर तो ओढता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. तसं केलं असतं तर तो मागच्या दाराने गेला असता, आणि उद्याच्या गाडीने चांगुणा सुईशिवाय गेली असती. त्यांना त्याला लाजवायचं नव्हतं. त्याच्या तोंडून एक शब्द हवा होता.

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, फक्त पडद्याच्या दिशेने. "मग ही आज अशीच जाती. तिसरं लेकरू बी माहेरीच पुरतील. कडूबाई, तुमी शेवगावच्या पोरीची सुपारी फोडून घ्या. त्या पोरीचं रक्त मी लग्नाआधी एकदा घेऊन ठेवते. आत्ता चांगलं निघंल. वर्सानं पुन्ना घीन."

"म्हनजे?" कडूबाईंनी विचारलं.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून अठरा मिनिटं झाली होती. एकोणीस झाली. बाहेर ओट्यावर एक मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला गप्प करत होती. एकवीसला पडदा सरकला.

गोरक्षाने बाही खाली ओढली होती. फेटा हातात.

"तू हितं कसा?" कडूबाई म्हणाल्या.

"पाठीत उसन भरली. सुई घ्यायला आलतो." तो आईकडे बघत होता, बायकोकडे नाही. "टोचू दे तिला."

"आरं पन पोट…"

"टोचू दे म्हनलं ना."

एवढंच. तीन शब्दांचं वाक्य, वर एक खोटं. हे वाक्य १९७० सालीही म्हणता आलं असतं. त्या वर्षीच्या मार्चमध्येही पेनिसिलिन याच कपाटात होतं.

कडूबाई मुलाला घेऊन ओट्यावर गेल्या. त्याची पाठ चोळत होत्या. मालनबाईंनी चांगुणाची चाचणी केली, वेळ भरल्यावर चोवीस लाख युनिटचं औषध दोन सिरिंजांत भरलं. हे औषध दाट असतं, सुई जाड लागते, दोन्ही बाजूंना टोचावं लागतं आणि फार दुखतं. चांगुणाने पालथं पडून टेबलाची कड धरली. पहिली टोचून झाल्यावर ती म्हणाली,

"ह्यांना बी हीच सुई हाय का, बाई?"

डॉक्टरांनी काय सांगायला सांगितलं होतं ते मालनबाईंच्या लक्षात होतं. ताकदीचं.

"व्हय. हीच."

मालनबाईंनी दुसरी टोचली.

"मंग पहिल्या दोघांचं बी ह्यानंच?"

"ह्यानंच."

"आत्याबाई म्हनतात मी खाल्ली."

"तू न्हाई."

चांगुणा उठून बसली, लुगडं सारखं केलं. डोळे कोरडे होते. "मला कुनी सांगितलं का न्हाई?"

"मला कळायला पायजे हुतं," मालनबाई म्हणाल्या. "मागल्या साली दुसरं गेल्यावर तू आल्तीस. मी रक्त घेतलं न्हाई. बाळंतपन तिकडं झालं म्हनून मी तिकडचं समजले. अंगात उष्णता हाय, थंड खा, म्हनून घालवलं तुला."

"ध्यानात हाय," चांगुणा म्हणाली. "सबजाचं बी दिलंतं तुमी. कागदात बांधून."

मालनबाईंच्या हातात टॉवेल होता. त्याची घडी त्यांनी घातली नाही.

मग कामाचं बोलणं झालं. आणखी दोन मात्रा, सोळा आणि तेवीस तारखेला. माहेरच्या उपकेंद्रात हे औषध नसतं हे मालनबाईंना माहीत होतं. त्यांनी कपाटातून भुकटीच्या कुप्या काढल्या, शुद्ध पाण्याच्या बाटल्या काढल्या, सगळं कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत भरलं आणि तिथल्या नर्सच्या नावाने एक पानी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत दोन्ही मेलेल्या मुलांच्या तारखा होत्या आणि तिसरी ओळ अशी होती: नवऱ्यावर उपचार इकडे सुरू आहेत. डबी चांगुणाने कपड्यांच्या गाठोड्यात मधोमध घातली.

"घरी मी सांगू का?" मालनबाईंनी विचारलं.

"नगा. मी सांगन. पोर जगलं तर सवडीनं सांगन. न्हाई जगलं तर त्याच दिवशी, चार मान्सांत." गाठोडं बांधत तिने विचारलं, "ती शेवगावची पोरगी. तिला कोन सांगनार हाय?"

"तिचं लगीन व्हनार न्हाई."

"ते त्यांनी म्हनायला पायजे."

बरोबर होतं. म्हणून गोरक्षाला त्याची सुई देताना मालनबाईंनी ते विचारलं. तो म्हणाला, "बघतो."

"बघू नगंस. दुसरी सुई सोळा तारखेला. पुढच्या दारानं यायचं, गोरक्ष म्हनून यायचं. न आलास तर सतराला मी डबा घिऊन वस्तीवर येते. तुझ्या आईसमोर टोचते आन् कशाची सुई ते बी सांगते. लग्नाची गोष्ट निघाली तरी तेच."

"तुमी नर्स हाय का फौजदार?"

"फौजदारानं सोडलं आसतं तुला."

बाजारातले लोक धमकीची किंमत करायला शिकलेले असतात. गोरक्षाने ही खरी धरली.

डॉक्टर साडेपाचला परतले. रजिस्टर टेबलावर उघडं होतं. एकशे एकोणिसाव्या ओळीत गोरक्षाचं खरं नाव, खरं गाव. मागच्या तीन ओळींतल्या सूर्यभानपुढे लाल शाईत 'हाच इसम'. आणि शेवटच्या रकान्यात, तीन वर्षांत पहिल्यांदा, अक्षरं: 'पत्नी चांगुणा, गर्भवती, रक्तदोष. पहिली मात्रा दिली.' त्याखाली बाजारातलं ते ठिकाण.

"हे खोडा," डॉक्टर म्हणाले. "हे रजिस्टर तपासणीला जातं."

"म्हणूनच लिहिलं."

"तुम्ही तिला सांगितलंत?"

"तिने विचारलं."

"आणि साठ्यात औषध कमी आहे."

"राहुरी तालुक्यात गेलंय. दोन मात्रांचं. चांगुणाच्या नावावर टाकलंय."

"ते आपलं क्षेत्र नाही, मालनबाई."

"माहीत आहे."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. सही केली नाही, खोडलंही नाही. सोमवारी बोलू म्हणाले. नसबंदीच्या यादीत आज एकही नाव वाढलं नव्हतं, त्याबद्दल जास्त बोलले.

तीन ओळी एकाच माणसाच्या निघाल्या, तरी वर एकशे पंधरा रेघा राहतात. त्यांतल्या बहुतेक माणसांना बायका आहेत. त्या बाया आत्ता कुठेतरी कार्डावर कोऱ्या आहेत, किंवा खडी फोडायच्या कामावर आहेत, किंवा माहेरी आहेत, आणि कोणीतरी त्यांना सांगत आहे की दोष त्यांच्या पोटाचा आहे. पुरुषांची जळजळ दोन दिवसांत थांबवायची व्यवस्था या केंद्रात आहे, आठवड्यातून एक दिवस, मागच्या खिडकीशी, नाव न विचारता. तिच्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही. तक्रार आजच्या ओळीबद्दल होईल.

उद्या शनिवार. नगरकडे जाणारी पहिली एस.टी. घोडेगावच्या फाट्यावर सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी थांबते. चांगुणाला नगरला उतरून राहुरीची गाडी धरावी लागेल. डबी आणि चिठ्ठी जिथे द्यायची ते तिच्या माहेरचं उपकेंद्र शनिवारी दुपारी एक वाजता बंद होतं.